‘रंधा आठवडाभर तेलात बुडवा’ म्हणणाऱ्यांनो, चिंध्यांचं काय करायचं तेही सांगा की

परवा भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, ‘जुना लाकडी रंधा ५ स्टेपमध्ये नव्यासारखा’. रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं सुताराचं हत्यार. याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी न उघडता पुढे सरकलो होतो. पण या वेळी पोराने खरंच एक जुना रंधा विकत आणला होता आणि दोन स्टेप उरकून मला विचारत होता, मामा हे तेल वाळायला किती दिवस लागतात. म्हणून बसून लिहितोय.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुठलाही जुना रंधा उचला, लाकूड काय खराब होत नसतं. आठवडाभर जवसाच्या तेलात बुडवून ठेवा. पातं गॅसवर लाल करा म्हणजे गंज जळून जातो. तळ आरशासारखा होईपर्यंत सँडपेपरवर घासा. पाचर, म्हणजे पातं जागेवर आवळणारा लाकडी तुकडा, हातोडीने दणकून बसवा. झालं, वापरा.

आधी तेल, कारण खरा धोका तिथे आहे. थोडं मान्य करतो, हे अगदी हवेतून आलेलं नाही. जुने कारागीर नव्या रंध्याचं तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येतं ती फट, खालून पुट्टीने बुजवायचे आणि वरून जवसाचं तेल भरून ठेवायचे, ते लाकडाच्या दोन्ही टोकांतून पाझरायला लागेपर्यंत. लाकडात दमटपणाची ये-जा कमी व्हावी म्हणून. पण ते नव्या, कोरड्या लाकडासाठी होतं. चाळीस-पन्नास वर्षं हातांचं तेल आणि घाम पिऊन बसलेल्या रंध्याला अख्खी आंघोळ कशाला? तेल आत खोल जातं आणि तिथे हवा नाही म्हणून ते वाळतच नाही, महिनोन्‌महिने चिकट राहतं. रंधा जड होतो, ज्या लाकडावर रंधा मारतो त्यावर डाग पडतात आणि पातं जिथे टेकतं ती जागा निसरडी झाल्यामुळे पाचर धरत नाही. फडक्याला थोडं तेल लावून एक पातळ हात फिरवा, अर्ध्या तासाने पुसून टाका, पुरे.

आता ते पुसलेलं फडकं. व्हिडिओत ते चुरगाळून कचऱ्यात टाकलंय. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते, बोळा केला तर आतच कोंडते आणि वाढत वाढत फडकं आपलं आपण पेटतं, काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. कुणी म्हणेल घाबरवतोय, तर फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा शोधून वाचा. ३८ मजली इमारत. २३ फेब्रुवारी १९९१ ला २२ व्या मजल्यावर आग लागली, कारण लाकडी पॅनेलचं काम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तिथेच टाकून दिल्या होत्या. तीन अग्निशामक जवान गेले. आग वर चढत ३० व्या मजल्यापर्यंत पोचली आणि तिथे स्प्रिंकलर, म्हणजे छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, होते म्हणून अडली. आमच्या पठ्ठ्याने चिंध्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गॅलरीत ठेवल्या होत्या, मी पिशवी उचलली तर हाताला कोमट लागली. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. चिंध्या एक एक सुट्या, मोकळ्या जागी, कशावर तरी पसरून कडक होईपर्यंत वाळवायच्या, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवायच्या. एवढं एक वाक्य व्हिडिओत टाकायला काय जात होतं?

पातं लाल करणं ही दुसरी अक्कल. धारेचं पोलाद कडक करून मग जरा नरमवलेलं असतं, त्या हिशेबावर ती धार टिकते. साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळा रंग येतो, आणि तोवर धार टिकवण्याइतका कडकपणा गेलेला असतो. लाल होईपर्यंत तर त्या पात्याने लोणी कापायचं. कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरलं तरी टोकाला हाच निळा रंग येतो, म्हणून दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. गंजाला साधं व्हिनेगर रात्रभर, सकाळी तारेचा ब्रश, मग धुऊन लगेच कोरडं करून तेलाचं बोट. आणि बघायचं ते गंजाचे खड्डे कुठे आहेत ते. पात्याच्या वरच्या भागात असले तर असू द्या, पण सपाट बाजूला धारेजवळ खड्डा असेल तर धार लावताना तिथे खाच येणारच, कारण धार म्हणजे दोन बाजू मिळतात ती रेघ, त्यातली एक बाजू खड्ड्याची. अजून एक, बऱ्याच जुन्या पात्यांत सगळं पोलाद नसतंच, मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर तापवून ठोकून जोडलेला असतो आणि तोही सगळ्या लांबीभर नसतो. घासून घासून आखूड झालेलं पातं दिसलं की समजा पोलाद संपत आलंय.

तळाबद्दल, सपाट हवा हे बरोबर. पण यांनी पातं आणि पाचर काढून ठेवून घासलाय. पाचर आवळली की लाकूड किंचित वाकतं, म्हणून पातं दोन-तीन मिलिमीटर आत ओढून, पाचर नेहमीइतकी बसवूनच घासायचं. आणि आरसा कशाला हवाय? रंध्याचं तोंड आतून वर रुंद होत जातं, तळ जितका घासाल तितकं तोंड मोठं होतं, आणि तोंड मोठं झालं की लाकडाचे धागे आधीच उचकटायला लागतात. दोन्ही टोकं आणि तोंडाच्या पुढचा भाग एका पातळीत आले की थांबा.

पाचर दणकून बसवली तर गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी भिंती, फुटतात. मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, हलके दोन ठोके, पातं हललं नाही की बास.

आणि लाकूड खराब होत नाही म्हणे! घ्यायच्या आधी पाचर जिथे अडकते त्या कोपऱ्यांत चीर बघा, किडीची भोकं असली तर रंधा आपटून ताजी पिवळी पूड पडते का बघा, पात्याच्या दोन्ही बाजूंना जरा फट आहे का बघा. फट नसेल तर कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, लोखंड आक्रसत नाही, आणि पातंच आतून गाल फोडतं. बाकी डाग, घाण, हातोडीचे वण, त्याला काही होत नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. वरचं तेल आठवड्यात वाळेल, आतलं कधी ते मलाही सांगता येत नाही. सध्या रंधा रद्दीवर उभा करून ठेवलाय, खालचा कागद रोज तेलकट होतो, आणि तो कागदही पठ्ठ्या आता मुकाट्याने पसरून वाळवतो.