बप्पाची आडत आणि माझे क्लास

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. इंटरव्ह्यूत क्लास डिझाइन विचारतात म्हणे, म्हणून मी लातूरला घरी बसून जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ऑब्जेक्ट ओरिएंटेडची प्रॅक्टिस करत होतो, म्हणजे एकेका गोष्टीचा साचा (त्यालाच क्लास म्हणतात) लिहायचा आणि त्यातनं वस्तू काढायच्या. जो व्हिडिओ उघडावा त्यात तेच, एक प्राणी नावाचा क्लास, त्याच्या पोटी कुत्रा आणि मांजर, कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, संपलं. तीन दिवस कुत्रं भुंकवल्यावर आईनं दारातनं विचारलं, "काय करायलास रे?" म्हटलं, "प्राणी बनवायलो." ती काही न बोलता निघून गेली. हे कुत्रं-मांजर बंद करावं आणि आपल्या घरातलंच काहीतरी लिहावं असं तेव्हा ठरवलं. बप्पा म्हणजे माझे वडील, मार्केटला एका आडतीवर (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात) मुनीम आहेत, ३० वर्षं तेच काम. शेतकरी, हमाल, आडत्या, खरेदीदार, माल, पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी), सगळे क्लास तयारच की!

आता डोक्यात किडा आला की नावं मराठीतच द्यायची. चालतात, खरंच चालतात, जावास्क्रिप्टला देवनागरीतलं नाव बिनबोभाट चालतं, फक्त आकडे इंग्रजीच लागतात, तिथं ५० लिहिलं की अंगावर येते. पण क्लास, एक्सटेंड्स, रिटर्न हे शब्द इंग्रजी, म्हणजे दर दोन शब्दांला कीबोर्ड बदला. शिवाय शेतकरी मधली री एकदा चुकून ऱ्हस्व पडली तर 'शेतकरि इज नॉट डिफाइंड'. शाळेत मराठीच्या सरांनी शुद्धलेखनावरून जेवढं झोडपलं नव्हतं तेवढं या मशीननं दोन तासांत झोडपलं. आणि तेही परवडलं, निदान चूक दिसते तरी. एक नाव होतं शेतकऱ्याचीपट्टी. ते एकदा मोबाईलवर टाईप करून इकडं पेस्ट केलं होतं, एकदा लॅपटॉपवर टाईप केलं होतं. दोन्हीकडं अगदी सेम दिसतंय, मी एकाखाली एक ठेवून बोट लावून बघितलं, आणि हे म्हणतंय असं नाव कुठं दिलंच नाही. रात्री एक वाजता उलगडा झाला की तो जो 'ऱ्य' आहे ना तो दोन तऱ्हेनं टाईप होतो, एकात एक न दिसणारं अक्षर लपून बसतं. दिसायला जुळे भाऊ, कॉम्प्युटरच्या लेखी सोयरीकसुद्धा नाही. (तेव्हापासून नावात जोडाक्षर आलं की माझ्या पोटात गोळा येतो.)

बरं, खानदान मांडलं. वर माणूस, त्याखाली शेतकरी, हमाल, आडत्या, खरेदीदार. कागदावर बाण काढून बप्पाला दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणले, "मामा कुठाय यात?"

मामा म्हणजे त्यांच्या आडतीवरचा हमाल, सगळेच त्याला मामा म्हणतात. म्हटलं, हा काय, हमालमधे.

"आरं त्याला दोन एकर हाय की. काल सहा कट्टे सोयाबीन घेऊन आलता. सोताच आणलं, सोताच उतरवलं."

"मग हमाली कापली?"

"कापली की. अन् त्यालाच दिली."

इथं माझं खानदान बसलं. हमालाला शेतकऱ्याच्या पोटी घातलं तर प्रत्येक हमालाला शेती आली. शेतकऱ्याला हमालाच्या पोटी घातलं तर प्रत्येक शेतकरी हमाल झाला, त्यावर बप्पा म्हणले, "ते तर खरंच हाय," पण कोडमधे तसं चालत नाही. दोघांच्याही पोटी घालावं तर जावास्क्रिप्टमधे एका क्लासला बाप एकच. मग मी हमालशेतकरी असा एक वेगळाच प्राणी काढला, त्याच्या कन्स्ट्रक्टरमधे, म्हणजे नवा नग घडवायच्या जागी, सुपर म्हणायच्या आधीच स्वतःचं नाव लिहून बसलो, तर लगेच एरर, आधी बापाला हाक मार मग स्वतःचं बोल. एवढे संस्कार आमच्या घरातपण नाहीत. संध्याकाळपर्यंत शेतकरीआडत्या, आडत्याखरेदीदार असे आणखी चार निघाले आणि कागदावरच्या बाणांची पार आमच्या लातूरच्या गोल बाजारासारखी गंजगोलाई झाली, सोळा रस्ते आणि मधे उभा मी.

बप्पांनी शेवटी आपली वही पुढं सरकवली. एका माणसाला एक पान, वर नाव, खाली जमा आणि नावे. मामाच्या पानावर सोयाबीन जमा, हमाली नावे, त्याच्याखालच्याच ओळीत हमाली जमा. "माणूस काय हाय ते कशाला लिवायचं? काय केलं ते लिवायचं," म्हणले आणि तंबाखू मळायला लागले. ज्याला पुस्तकात कॉम्पोझिशन म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी मी दोन महिन्यांची फी भरून बसलो होतो. गपचूप सगळी पोरंबाळं डिलीट केली, माणूस एकटा ठेवला आणि त्याला व्यवहारांची यादी दिली.

पट्टीचा हिशोब तेवढा राहिला. बटण दाबलं की वजन गुणिले भाव. दाबलं. स्क्रीनवर आलं एन ए एन, म्हणजे नॉट अ नंबर. बप्पा मागं उभे होते, एकेक अक्षर जुळवत वाचलं, "नान... नाना? नानाची पट्टी हाय का ही? त्याचा माल आलाच नाही आजून."

ही भानगड धिस या शब्दाची. आमच्या घरात आई 'हे' म्हणाली की बप्पा, वहिनी 'हे' म्हणाली की दादा, शब्द एकच, माणूस कोणता ते कोण बोलतंय त्यावर. धिसचं तेच. मी हिशोबाचं फंक्शन उचलून बटणाच्या हातात दिलं, मग बटणाचे 'हे' म्हणजे बटणच, आणि बटणाला कुठलं आलंय वजन. यावर ॲरो फंक्शन हा इलाज. वहिनीनं चिठ्ठीत 'ह्यांना डबा द्या' लिहिलं तर ती चिठ्ठी कुणीबी वाचू दे, डबा दादालाच जातो, तसं. पण ही भाषा ब्रेंडन आइकनं १९९५ ला नेटस्केपमधे दहा दिवसांत उभी केली, म्हणजे गणपती बसून उठेपर्यंत, आणि क्लास हा शब्द त्यात आला २०१५ ला, तोही वरून लावलेला रंग, आत जुनं प्रोटोटाइपचंच (एका वस्तूनं दुसरीकडनं गुण उचलायच्या पद्धतीचं) लाकूड. तक्रार कुणाकडं करायची?

दुरुस्त केल्यावर मामाची पट्टी बरोबर निघाली, सहा कट्टे, तीन क्विंटल, हमाली वजा, हमाली जमा. मग जोर आला म्हणून जाताजाता एक शेतकरी क्लास परत केला आणि त्यात हमीभाव टाकला, सोयाबीनचा त्या साली ४८९२ रुपये होता. सगळ्यांना सारखाच म्हणून स्टॅटिक केला. क्लासला विचारलं, शेतकरी डॉट हमीभाव, ४८९२ आलं. मग त्याच क्लासमधनं मामा बनवला आणि त्याला विचारलं, मामा डॉट हमीभाव. अनडिफाइंड.

अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की स्टॅटिक गोष्ट क्लासच्या नावावर असते, त्यातल्या एकेकट्याला धरून विचारलं तर मिळत नाही. बप्पाला सांगितलं, चुकलंय, दुरुस्त करतो.

"कावून? बरोबर लिवलंय की," बप्पा म्हणले.