गावात राहायचे की गावाबाहेर?

श्रावण लागला की माझा फोन वाजू लागतो. अकोल्याची आत्या, नाशिकचा मावसभाऊ, जाऊबाईंच्या माहेरची मंडळी, यांपैकी कोणाला ना कोणाला गणपती पाहायला पुण्यात यायचे असते. आमच्या कर्वेनगरच्या दोन खोल्यांत सगळे मावणार नाहीत हे त्यांनाही कळते, म्हणून हॉटेल घ्यायचे ठरते आणि मग तो प्रश्न येतो: गावात, म्हणजे मधल्या जुन्या पेठांत, राहायचे की गावाबाहेर? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देता देता दरवर्षी माझे डोके फिरते, कारण या प्रश्नाचे खरे उत्तर पाहुण्याला मिळूच नये अशी व्यवस्था खोल्या विकणाऱ्यांनी करून ठेवली आहे आणि तिला आम्हा पुणेकरांचाही हातभार आहे.

मोबाइलवर नुसते ‘पुणे’ असे टाकले की वाकड, हिंजवडी, वाघोली, अगदी तळेगावच्या वाटेवरची हॉटेलेसुद्धा एकाच यादीत मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते आणि हिंजवडीचा कारभार पुणे महापालिका पाहत नाही, हे अकोल्यात बसलेल्या माणसाला कोठून कळणार? बरे, महापालिकेच्या हद्दीवर तरी विसंबावे, तर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुण्यात घेतल्यापासून सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी हे सगळे कागदोपत्री ‘शहराच्या आत’च आहे. खडकवासला धरणाच्या भिंतीजवळ खोली घेतलेला माणूसही शहरात राहिला असे म्हणू शकतो आणि त्याला खोटे पाडता येणार नाही. त्यावर कडी म्हणजे ‘शहराच्या मध्यापासून इतके किलोमीटर’ ही ओळ. हा मध्य कोणी ठरवला, तो शनिवारवाडा आहे की रेल्वे स्टेशन, आणि ते अंतर रस्त्याने मोजले की नकाशावर सरळ रेघ मारून, याचा पत्ता कोठेच नसतो.

आणि मुळात पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगणे हीच फसवणूक आहे. हिंजवडीपासून शनिवारवाडा वीसेक किलोमीटर आहे. पहाटे पाच वाजता हे अंतर पाऊण तासाच्या आत कापता येते आणि संध्याकाळी सहा वाजता, कंपन्या सुटलेल्या असताना आणि वरून पाऊस पडत असताना, त्याच रस्त्याला दोन तास लागले तरी कोणी आश्चर्य करत नाही. जाहिरातीतली ‘पंचवीस मिनिटे’ कोणत्या मुहूर्तावर मोजलेली असतात हे मला एकदा त्या जाहिरातदारांच्या शेजारी गाडीत बसून, भूमकर चौकात, भर संध्याकाळी विचारायचे आहे.

आत्याचे काय झाले ते सांगते. निम्म्या दरात खोली मिळते म्हणून तिने मला न विचारता हिंजवडीतले एक हॉटेल घेतले. हॉटेल चकाचक होते, पोहण्याचा तलाव होता, सकाळचा नाश्ता दरातच होता. संध्याकाळी मंडळी गणपती पाहायला निघाली. उत्सवात सायंकाळनंतर लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता असे मध्यभागातले रस्ते वाहनांना बंद होतात, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलाने ते आत्याला सांगितले नाही. गाडीवाल्याने शिवाजीनगरला न्यायालयापाशी उतरवले, ती सगळी चालत कसबा गणपतीला गेली, तिथून तांबडी जोगेश्वरी, मग दगडूशेठ, मग तुळशीबाग. इथवर सगळे छान झाले. मुक्कामाचा खरा हिशोब परतताना होतो. रात्री साडेअकराला मोबाइलवर गाडी मागवली की चार मिनिटांत येणार असे दिसायचे, मग चालकाचा फोन यायचा, “कुठे जायचंय? हिंजवडी? कॅश का ऑनलाइन?” आणि उत्तर पुरे व्हायच्या आत फेरी रद्द. पुन्हा मागवायची, पुन्हा तेच. साठी उलटलेली माझी आत्या बाजीराव रस्त्यावरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर, सुजलेल्या पायांवरून चपला काढून बसली होती. अखेर एक रिक्षावाला तयार झाला, पण “परतीचं भाडं मिळत नाही, ताई,” असे म्हणून त्याने जाण्यायेण्याचे पैसे सांगितले. त्याचेही चूक नव्हते, त्या वेळी हिंजवडीहून पेठेत यायला कोण बसणार होते? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कथा. खोलीच्या दरात जे वाचवले ते गाड्यांत गेले, आणि दरात धरलेला नाश्ता दहा वाजता आवरत असल्यामुळे रात्री दोनला झोपलेल्या या मंडळींना तोही कधी मिळाला नाही.

मग गावात राहावे असे कोणी म्हणेल. मावसभावाने तेच केले. पेठेतल्या एका लॉजमधली खोली त्याने दोन महिने आधी, पैसे परत मिळणार नाहीत या अटीवर घेतली, कारण उत्सवात दुसरी अट मिळतच नाही. दर नेहमीच्या दुपटीहून अधिक होता. छायाचित्रात खोली प्रशस्त दिसत होती, प्रत्यक्षात पलंग आणि भिंत यांच्यामध्ये बॅग आडवी ठेवली की दार अर्धेच उघडायचे. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना जुन्या वाड्याचा, म्हणजे एका हाताने दोर धरून आणि दुसऱ्या हाताने देवाचे नाव घेऊन चढायचा. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या मावशीला रोज त्यावरून वर न्यायचे होते. यातले एक अक्षरही खोली घेताना कोणी सांगितले नव्हते.

‘पार्किंग उपलब्ध’ असे मात्र ठळक लिहिले होते. नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन आलेल्या भावाने विचारले, तेव्हा मालकांनी कपाळाला आठ्या घालून उत्तर दिले, “नदीपात्रात लावा की, सगळे तिथेच लावतात.” भाद्रपदात खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्या हलवा म्हणून सूचना देत फिरावे लागते, हे मालकांना ठाऊक नसेल असे मी मानायला तयार नाही. भाऊ रोज उठून आधी धरणातला विसर्ग पाहायचा आणि मग दात घासायचा.

आवाजाबद्दल मी तक्रार करणार नाही, ढोलाचा ठेका ऐकायलाच तर लोक येतात. परंतु ऐकणे वेगळे आणि त्याच्या पोटात झोपणे वेगळे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात आणि सणाचे ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते. विसर्जनाची मिरवणूक मात्र २०२५ मध्ये ३२ तासांहून अधिक चालली. ज्या खोलीच्या सज्जाला मंडपाचे बांबू टेकलेले आहेत त्या खोलीत लहान मूल घेऊन राहणाऱ्याला हे आधी सांगायला नको? त्या एका रात्रीचा दर तर सर्वांत चढा असतो, आणि झोप नेमकी त्याच रात्री मिळत नाही.

या सगळ्यावर आमच्या पुणेकर सल्लागारांनी तेल ओतलेच पाहिजे असा जणू नियम आहे. “पुणं काय मोठं आहे, कुठेही राहा,” असे सांगणारे गृहस्थ स्वतः दुचाकीवरून बोळाबोळांतून दहा मिनिटांत मंडई गाठतात, त्यांना चार पाहुणे, दोन बॅगा आणि एक आजी घेऊन त्याच बोळांतून जायला सांगावे. दुसरे एक काका म्हणतात, “पेठेत कोण राहतं आता, बाणेरला घ्या, हवा चांगली आहे.” पाहुणा गणपतीला आला आहे, हवापालटाला नाही! तिसरा प्रकार सर्वांत वाईट: तो दोन्हीकडचे तोटे तपशीलवार ऐकवतो आणि शेवटी “तुम्हीच ठरवा” म्हणून फोन ठेवतो. सरकारी बाजूही काही मदतीला येत नाही. कोणता रस्ता कधी बंद याची सूचना उत्सव तोंडावर आल्यावर निघते, आणि तोवर पाहुण्याने परत न मिळणारे पैसे भरून टाकलेले असतात.

खरे म्हणजे हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही, आणि म्हणूनच माझा राग अधिक आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके थेट उत्सवाच्या पोटात उघडली. तेव्हापासून आत आणि बाहेर हा भेदच चुकीचा ठरला आहे. पिंपरीत किंवा दापोडीत, मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहिलेला पाहुणा नकाशावर कितीही लांब दिसो, तो ३५ रुपयांच्या आतल्या तिकिटात, रस्ता बंद असो की उघडा, मंडईत पोहोचतो. वनाजला किंवा नळ स्टॉपला राहणारा न्यायालयाच्या स्थानकात गाडी बदलतो, डेक्कनला राहणारा तर लकडी पुलावरून पायीच येतो. याउलट चकाचक हिंजवडीत राहणारा अडकतो. तिकडच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि पुढे कित्येक वर्षे लोकांनी गणेशखिंड रस्त्यावर बसून तिचे खांबच मोजले. उत्सवात मेट्रोच्या वेळा वाढवतात, २०२५ च्या विसर्जनाला ती रात्रभर चालू होती. मंडईच्या जिन्यावर त्या दिवसांत मुंगीलाही वाट मिळत नाही हे खरे, पण जिन्यावर अर्धा तास उभे राहणे आणि पायरीवर बसून ‘फेरी रद्द’ वाचत राहणे यांत मी जिना पत्करीन. आता ज्या यादीत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, पाळीव कुत्र्याची सोय हे सगळे रकाने आहेत, त्या यादीत ‘मेट्रो स्थानक चालत किती मिनिटे’ आणि ‘रात्री परतायला वाहन काय’ हे दोन रकाने घालायला यांचे काय जाते? जाते ते एवढेच, की निम्म्या खोल्या रिकाम्या राहतील.

गावाबाहेर कोणी राहूच नये असेही मी म्हणत नाही. ज्याला कार्ले-भाजे पाहायचे आहे, लोहगड चढायचा आहे, देहूला जाऊन यायचे आहे, त्याने पेठेत राहून रोज सकाळी शहर ओलांडत बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे, त्याच्यासाठी वाकड सोयीचे. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव ऐकायला येणाऱ्याने मात्र मुकुंदनगराच्या आसपास, स्वारगेटच्या बाजूलाच राहावे. रात्री दहाला मैफल संपल्यावर मारव्याची धुंदी उतरायच्या आत खोली गाठता आली पाहिजे, ती नवले पुलावरच्या वाहतूककोंडीत उतरता कामा नये. आषाढवारीच्या दिवसांत दोन्ही पालख्या नाना आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात, तेव्हा त्या भागात गाडी घेऊन शिरण्याचा विचारही करू नये. म्हणजे आधी कशासाठी येताय ते सांगा आणि मग खोली शोधा. पण हे कोणी विचारत नाही, मलाही फोनवर पहिल्यांदा दरच ऐकवतात.

म्हणून अलीकडे मी एक केले आहे. पाहुण्याने हॉटेलचे नाव सांगितले की मी स्वतः तिथे फोन लावते आणि एकच विचारते: रात्री साडेबाराला मंडईतून तुमच्याकडे चार माणसांनी कसे यायचे? परवा एका हॉटेलने मला थांबायला सांगितले, बराच वेळ सनई वाजवली, आणि मग फोनवर दुसराच कोणी आला. त्याला मी प्रश्न पुन्हा सांगितला. तो म्हणाला, “मॅडम, साडेबाराला आमचं मेन गेट बंद होतं. त्याच्या आत या.”