कॉलरबोन आणि कूलर

आमच्या घरात आता दुखण्याला मान नाही. चिरंजीव इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे भक्त झाल्यापासून माझी प्रत्येक कुरकूर त्या क्लबच्या इतिहासाशी ताडून पाहिली जाते आणि नापास होते.

सध्या माझा खांदा धरलाय. त्यात मे महिना, आणि जळगाव! पारा ४४-४५ वर गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं, की पत्ती-साखर टाकली तर चहा व्हावा. ते कूलरमध्ये ओतलं की गार हवेऐवजी वाफारा मिळतो. म्हणून खालच्या हौदातून बादल्या भरायच्या, जिना चढायचा, वाळ्याची ताटी एका हाताने तिरकी धरायची आणि दुसऱ्या हाताने बादली उपडी करायची. निम्मं पाणी आपल्या पायांवर. उरलेल्या निम्म्यात मोटरीचं बूडसुद्धा ओलं होत नाही.

"हात वर जात नाही रे," मी म्हणालो.

"पप्पा, जेरी बर्न!" पोरगं मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालं.

हा लिव्हरपूलचा जुना खेळाडू जेरी बर्न माझ्या मुळावर उठलाय. १ मे १९६५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची फायनल, समोर लीड्सचा संघ. तिसऱ्याच मिनिटाला धडक बसली आणि याचं कॉलरबोन मोडलं. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची मुभाच नव्हती. मग हा गडी मोडक्या हाडानिशी उरलेली मॅच खेळला, वर जादा वेळेची ३० मिनिटंही खेळला. लीड्सवाल्यांना पत्ता लागू दिला नाही. रॉजर हंटने गोल केला, त्याला चेंडूही यानेच पुरवला. लिव्हरपूल २-१ ने जिंकलं, क्लबचा पहिलावहिला एफए कप.

आमची आई धुळ्याकडची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अन् त्यानी माय कोठे व्हती तवय?"

इतिहासकारांना हे सुचलेलं नाही. पण आईचं माझ्या घरात फक्त मीच ऐकतो. शिवाय बर्नला कप तरी मिळाला. मी पाणी भरून येईपर्यंत कूलरसमोरची जागा गेलेली असते.

परवा टरबूज पांढरं निघालं. "परत देऊन या," बायको म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, कोण वाद घालणार? लगेच लिव्हरपूलचा कॅप्टन ग्रॅम साउनेस हजर. १९८४, युरोपियन कपची सेमीफायनल. याने दिनामो बुखारेस्टच्या मोव्हिलाचा जबडा मोडला. सेमीफायनलची दुसरी मॅच त्यांच्याच गावात. अख्खं स्टेडियम याच्या नावाने शिट्ट्या मारत होतं, तरी हा खेळला आणि टीम जिंकून आली. आता एका टरबुजासाठी मी कोणाचा जबडा मोडू? टरबूजवाला माझ्या दुप्पट होता. आम्ही ते पांढरं टरबूज साखर लावून खाल्लं.

सगळ्यांवर कडी म्हणजे टॉमी स्मिथ. टोपणनाव 'अ‍ॅनफिल्ड आयर्न', म्हणजे लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावरचं लोखंड. हा जन्माला आला नाही, खाणीतून खोदून काढला, असं म्हणे मॅनेजर शँक्ली सांगायचे. १९७७ ला रोममध्ये युरोपियन कपच्या फायनलला यानेच डोक्याने गोल मारला. मला शिंक आली तरी पोरगं हे ऐकवतं.

मग मीही जरा वाचन केलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा फायनल, आणि हा लोखंडी पुरुष बाहेर! का? तर पायावर टिकाव पडला. मैदानात नाही, घरकाम करताना! इतका आनंद मला खांदा बरा होऊनही झाला नसता.

"बघ," मी बादली खाली ठेवून म्हणालो, "जगातल्या भल्याभल्यांना जे जमलं नाही, ते घरकामाने केलं. मी पण बाहेर."

पोरगं विचारात पडलं. "पण पप्पा, १९७८ ला बदली खेळाडू होते. आपल्या बेंचवर कोण आहे?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

"माझा क्लास आहे," असं म्हणून त्याने गाडीची चावी उचलली. भर दुपारी दीडला, रविवारी.