‘तीन तास सांगून दोन तासांत गुंडाळलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. सूतकताईच्या वर्गात शिकवताना मध्येच मी फोन घेतला, ही माझी चूक. खोलीच्या बुकिंगचा होता, पण दहा मिनिटं गेली ती गेलीच. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

आता वेळेचं. तुम्ही लिहिलंय, ‘तीन तास सांगून दोन तासांत गुंडाळलं, सूत सारखं तुटत होतं, काडीला चकती लावलेल्या खेळण्याचे ९०० रुपये घेतले.’ वर्ग चार ते सात होता. आदल्या रात्री निरोप पाठवला होता, त्यावर तुमचा अंगठाही आलाय. तुम्ही आलात पाच वाजून पाच मिनिटांनी. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव रंगला होता, असं तुम्हीच हसत सांगितलंत. लिलाव बघावाच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बाकीचे चौघे चारला ओटीवर येऊन बसले होते, त्यांना किती वेळ थांबवायचं?

आणि तो पहिला तासच महत्त्वाचा असतो हो. त्या तासात मी कापूस हातात देतच नाही. घाटावरून आणलेली धनगरी लोकर देते. तिचे तंतू लांब, एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे लोंबती चाती, म्हणजे धाग्याला टांगून फिरवायची सूत कातायची काडी, नवशिक्यालाही पेलते. चातीला गिरकी द्यायची, पीळ चढला की ती गुडघ्यांत दाबून धरायची, मग दोन्ही हातांनी सावकाश तंतू ओढायचे. पीळ पुरेसा नसताना ओढलं की धागा सुटतो आणि चाती धप्पकन खाली. सगळ्यांचीच पडते, माझीही पडायची. तासभर अशी पडापड झाली की बोटांना पीळ कळायला लागतो. त्यानंतर कापूस आणि टकळी, म्हणजे कापसासाठीची छोटी, हलकी चाती.

तुम्ही थेट कापसावर आलात. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला टकळीचं वजनसुद्धा भारी होतं. म्हणून तर टकळीचं टोक वाटीत टेकवून कातायला सांगत होते. तुम्हाला ती लोंबतीच हवी होती, फोटोसाठी. त्यात मासळीच्या पेटीतला बर्फ हाताळलेले ओले हात. कातण्यासाठी वळलेला कापसाचा पेळू बोटांना चिकटून गोळा होणार नाही तर काय होईल? (पेटी लोकरीच्या टोपलीशेजारी ठेवलीत, ती टोपली दोन दिवस उन्हात घातली. असो.)

सातला उठवलं, कारण घरच्या पाहुण्यांची पानं वाढायची होती. स्वयंपाक मीच करते.

९०० रुपयांत टकळी, पेळू, चहा आणि घावणे होते. टकळी तुम्ही घरी नेलीत. तिची आकडी वाकडी आहे हेही खरं, पण तुमच्या बाळाने अंगणात तिचा भोवरा केला होता, तेव्हा आपण सगळेच हसलो होतो.

‘खेळणं’ हा शब्द मात्र लागला. याच ओटीवर माझे सासरे टकळीवर जानव्याचं सूत काढायचे. चार बोटांभोवती ९६ वेढे मोजायचे, आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याच कोकणात, पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेले विनोबा तासन् तास टकळीवर कातत. खेळणं म्हणून नव्हे.

तुमच्या अभिप्रायानंतर पुढच्या शनिवारची दोन नावं रद्द झाली. आमचा हंगाम दिवाळी ते मे एवढाच, पावसात इथे कोण येतंय? म्हणून एवढं लांबलचक लिहिलं, राग मानू नका. वेळेची पाटी फाटकावर लावून घेते. उशिरा येणाऱ्यांसाठीही काहीतरी सोय बघते. फोन आता माजघरातच राहील.

पुन्हा अंजर्ल्याला आलात तर लोकरीचा तो पहिला तास माझ्याकडून, पैसे नकोत. बरोबर चारला या. मासळी आधी स्वयंपाकघरात द्या, मी साफ करून ठेवते.