आधी पॅकेजेस, मग इंडेक्स

मोठ्या सॉफ्टवेअर आर्काइव्हच्या मिररसाठी, म्हणजे आपल्या सर्व्हरवर ठेवलेल्या त्याच्या प्रतीसाठी, साधी आरसिंक कमांड (दोन्हीकडच्या फाइली ताडून बदल तेवढे उतरवणारी) क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला, लावली की झालं, असं एका लेखात म्हटलंय. ते पटलं नाही. आरसिंक उत्तमच आहे, 1996 पासून टिकलंय ते उगाच नाही. पण डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीचं आर्काइव्ह एकाच फेरीत ओढलं, तर नवी इंडेक्स फाइल (पॅकेजेसची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची यादी) आधी येऊन पडते आणि त्यात नोंदलेलं पॅकेज अजून वाटेतच असतं. वापरणाऱ्याला 404, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. माझ्या मिररवर रात्रभर हेच चाललं होतं. त्यापेक्षा डेबियनची एफटीपीसिंक स्क्रिप्ट घ्या: पहिल्या फेरीत पॅकेजेस, दुसरीत इंडेक्स, जुन्या फाइली पुसणं त्यानंतरच. शिवाय बदल चार फाइलींचा असला तरी आरसिंक लाखो फाइली तपासतं, त्यात डिस्क दमते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची क्विक-फेडोरा-मिरर स्क्रिप्ट आधी तयार यादी ताडून पाहते आणि लागतील तेवढ्याच फाइली मागवते.