शेजारच्या शहराला कोर्टात खेचण्याआधी सातबारा काढा

आज सकाळी एक निवेदन फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. प्रस्तावित क्रीडा संकुल शेजारच्या शहराला गेलं तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊ, स्थगिती आणू, आमच्याकडं नाही तर कुणाकडंच होऊ देणार नाही. खाली सह्या. सगळे आपलेच लोक, मैदानावर घाम गाळलेले, पोरांसाठी पदरमोड करणारे. म्हणूनच जास्त लागलं. वर कुणीतरी दाखला दिलाय की अमेरिकेत फिनिक्सनं टेम्पीला स्टेडियमवरून कोर्टात खेचलं, मग आपण का मागं राहायचं?

दाखला काढलाच आहे तर पुरता ऐका.

फिनिक्स आणि टेम्पी ही ॲरिझोनातली एकमेकांना खेटून असलेली शहरं. टेम्पीत नदीकाठच्या ४६ एकर जागेवर, जिथं पूर्वी कचरा टाकायचे, कायोटीज या आइस हॉकी संघासाठी १६,००० आसनांचं स्टेडियम होणार होतं. सोबत हॉटेलं, दुकानं आणि दोन हजारांच्या आसपास फ्लॅट. खर्च २.१ अब्ज डॉलर. आता फिनिक्सचा स्काय हार्बर विमानतळ तिथून जवळच, विमानं त्या जागेच्या डोक्यावरूनच जातात. फिनिक्सचं भांडण स्टेडियमशी नव्हतंच, त्या फ्लॅटांशी होतं. १९९४ साली दोन्ही शहरांनी आपसात लेखी करार केला होता. विमानांचा त्रास कमी व्हावा म्हणून फिनिक्सनं त्यांचे मार्ग सांभाळायचे, आणि टेम्पीनं जास्त आवाजाच्या पट्ट्यात नवी घरं येऊ द्यायची नाहीत. आवाजाची रेघही ठरलेली आहे, दिवसरात्रीची सरासरी ६५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सात या वेळातला आवाज मोजताना त्यात १० डेसिबल जास्तीचे धरतात, कारण माणसं झोपलेली असतात. मार्च २०२३ मध्ये फिनिक्स कोर्टात गेलं ते हा करार हातात धरून. महिन्याभरात संघाकडून फिनिक्सला २.३ अब्ज डॉलरच्या दाव्याची नोटीस. १६ मे २०२३ ला टेम्पीत मतदान झालं आणि स्टेडियमचे तिन्ही प्रस्ताव पडले. न्यायाधीशाला निकाल द्यायची वेळच आली नाही. पुढं संघानं फिनिक्सच्याच उत्तर भागात जागा हेरली, तर स्कॉट्सडेलच्या महापौरांनी आपल्या हद्दीला खेटून हे नको म्हणून हरकत घेतली. जून २०२४ मध्ये त्या जागेचा लिलाव सरकारी खात्यानं रद्द केला. संघ तर त्याआधीच, एप्रिलमध्ये, सॉल्ट लेक सिटीला गेला होता. दुसऱ्या राज्यात.

हे वाचून कुणाला आपलं काही आठवत नसेल तर कमाल आहे. २००९ मध्ये नांदेडला महसूल आयुक्तालय जाहीर झालं. लातूर पेटलं, बंद झाले, प्रकरण कोर्टात गेलं. आज इतक्या वर्षांनी काय आहे? मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं आयुक्तालय एकच, संभाजीनगरला. नांदेडच्या शेतकऱ्याला अपिलासाठी तेवढाच प्रवास, लातूरच्यालाही तेवढाच. आणि क्रीडा विद्यापीठ? संभाजीनगरजवळ करोडीला होणार म्हणून आपण पेढे वाटले. २०२० मध्ये ते पुण्याच्या बालेवाडीला गेलं. आंदोलनं झाली, निवेदनं झाली. बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून तयार मैदानं, वसतिगृहं, ट्रॅक होते, आणि सरकारनं तेच कारण पुढं केलं. अन्याय झाला, शंभर टक्के झाला. पण आपल्याकडं त्या दिवशी दाखवायला काय होतं? जागा होती. जागेवर काही उभं नव्हतं.

आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या संकुलाची गोष्ट सांगतो, गावांची नावं घेत नाही. दोन गावांच्या शिवेवर गायरान. संकुल मंजूर झालं, पायाभरणी झाली, पंधरा-वीस कॉलम जमिनीच्या वर आले. मग कमानीवर नाव कुणाचं आणि रस्ता कुठल्या गावातून, यावरून दोन ग्रामपंचायती हट्टाला पेटल्या. एकानं गायरानाचा मुद्दा काढून दावा लावला, 'जैसे थे'चा आदेश झाला. काम थांबलं ते थांबलंच. आज त्या कॉलमांच्या वर निघालेल्या सळ्या गंजून पापुद्रे सुटलेत. थांबवतानाच सळ्यांना सिमेंटचा घोल फासला असता तर एवढा गंज चढला नसता. तेवढंही कुणी केलं नाही, कारण आदेशात काम बंद लिहिलंय म्हणून ठेकेदार मिक्सर घेऊन निघून गेला. तिथले पी. टी. चे सर रोज पहाटे पोरींना त्या कॉलमांमधून नागमोडी पळवतात. लांब उडीचा खड्डा त्यांनी स्वतः खणलाय, वाळू पोत्यातनं आणतात.

आता कामाचं बोलू. ज्यांना खंडपीठात जायचंय त्यांनी आधी हे समजून घ्यावं की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका टाकली म्हणजे न्यायालय दोन्ही शहरं शेजारी ठेवून कुठलं चांगलं ते सांगत नाही. जागा कुठं हा धोरणाचा प्रश्न, तो सरकारचा. न्यायालय बघतं प्रक्रिया. नियमाप्रमाणं हरकती मागवल्या का, ऐकल्या का, निर्णयाला कारणं दिली का, अधिकार ज्याला होता त्यानंच निर्णय घेतला का. जनहित याचिका असेल तर उच्च न्यायालयाच्या २०१० च्या नियमांप्रमाणं तुमचा हेतू शुद्ध आहे हे दाखवायला रक्कमही भरायला सांगू शकतात. 'आमच्या शहरावर अन्याय' हा मुद्दा भाषणात चालतो, याचिकेत त्याला पाय नसतो. मग हाती काय लागतं? लागलीच तर अंतरिम स्थगिती.

आणि स्थगितीचा हिशेब ऐका. निविदा त्या वर्षाच्या दरसूचीवर काढलेली असते. काम अडलं की दर बदलतात, ठेकेदार यंत्रं आणि माणसं बसून राहिल्याची भरपाई मागतो, मग सुधारित अंदाजपत्रक, मग सुधारित प्रशासकीय मान्यता, मग फेरनिविदा. निधी ३१ मार्चला खर्च नाही झाला तर परत. सरकारनं २०२२ मध्ये अनुदानाची मर्यादा वाढवली, तालुक्याला १ कोटीवरून ५, जिल्ह्याला ८ वरून २५, विभागीय संकुलाला २४ वरून ५० कोटी. आकडे ऐकायला मोठे वाटतात. ५० कोटींत किती होतं ते काम केलेल्या माणसाला विचारा.

कारण आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर सरळ ट्रॅक टाकला तर दुसऱ्या वर्षी लाटा दिसतात. म्हणून मीटर-दीड मीटर काळी माती काढून टाकायची, मुरूम भरायचा, तोही एकदम ओतायचा नाही. पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर, पाणी, रोलर, घनता तपासणी, मग पुढचा थर. त्यावर खडी, डांबर, आणि शेवटी साधारण १३ मिलिमीटरचं सिंथेटिक. ४०० मीटरचा ट्रॅक, आठ लेन, प्रत्येक लेन १.२२ मीटर. आतल्या बाजूला उतार १ टक्क्याच्या आत, पळण्याच्या दिशेनं ०.१ टक्क्याच्या आत. हा उतार चुकला की आतल्या लेनमध्ये पाणी साचतं, सिंथेटिक खालून सुटायला लागतं, आणि पहिली तक्रार येईपर्यंत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत, संपलेला असतो. बॅडमिंटनचा हॉल असेल तर मोठ्या स्पर्धांसाठी कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. छत गळलं की लाकडी फरशी फुगते, आणि फुगलेली फरशी बसत नाही, बदलावीच लागते.

पाणी? फुटबॉलचं १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायला दिवसाला ५ मिलिमीटर धरा. झाले ३५,७०० लिटर. बारा हजारी टँकरच्या तीन खेपा, रोज. आणि हे कुठं, तर जिथं नळाला आठवड्यात एखाद्या वेळी पाणी येतं तिथं. निवेदनात यातली एक ओळ नाही. सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला देता येतं, त्याची पाइपलाइन अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी घालावी लागते. नंतर कुणी पैसे देत नाही.

त्या पोरींना हिरवळ नकोय हो. त्यांना घोटा न मुरगाळणारी सपाट जमीन पाहिजे. सरांनी मला कॉलमांमधली वाट दाखवली, पायानं खडे बाजूला सारत. म्हणाले, "दोन्ही गावच्या पोरी येतात माझ्याकडं. त्यांचं काही भांडण नाही."

कोर्टाशिवाय आपल्याला काहीच मिळालं नसतं, असं कुणी म्हणेल. मान्य. औरंगाबादचं खंडपीठसुद्धा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानंच टिकलं. जायकवाडीचं पाणीही असंच, नगर-नाशिकशी वाद होता, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश, मग उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल. पण जायकवाडीत आपण जिंकलो कशावर? २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम लिहिलेलं होतं. आणि प्राधिकरणाच्या आदेशात रीत ठरलेली होती. १५ ऑक्टोबरचा साठा बघायचा, ६५ टक्क्यांचा निकष लावायचा, तूट असेल तर वरून सोडायचं. तारीख होती, आकडा होता. फिनिक्सकडं १९९४ चा करार होता. तुमच्या निवेदनाकडं काय आहे? सह्या.

म्हणून म्हणतो, दोन्ही शहरांनी आधी एकत्र बसावं. दोन्ही सर्वसाधारण सभांचे ठराव घ्यावेत. इनडोअर हॉल एकाकडं, ट्रॅक आणि वसतिगृह दुसऱ्याकडं, असं वाटून घेता येतं. वीजबिल कुणी किती भरायचं, स्पर्धांचे दिवस कसे वाटायचे, दुरुस्तीसाठी दरवर्षी किती बाजूला काढायचे, मतभेद झाला तर कुणाकडं जायचं आणि किती दिवसांत, हे सगळं करारात लिहावं. कोर्टात जायच्या आधी लवाद, असं कलम घालता येतं. त्याला वकील लागतो, मोर्चा लागत नाही.

आणि जागा. इथं मराठवाड्यात माणसं सर्वांत जास्त आपटतात. नुसता सातबारा बघून भागत नाही, 'इतर हक्क'चा रकाना वाचा. वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी आहे का, मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली इनाम आहे का, खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या वा दर्ग्याच्या सेवेची इनाम आहे का, कुळाची नोंद आहे का, वक्फच्या यादीत आहे का. निजामाच्या काळच्या इनामांचा निकाल १९५४ च्या कायद्यानं लागला, कुळांचा १९५० च्या, आणि दोन्हींच्या नोंदी आजही अर्धवट सापडतात. म्हणून १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा, तिथपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार ओळीनं लावा. एखादा जरी मधला फेरफार गायब असला तरी पुढं कुणीतरी वारस उभा राहतो. भूमी अभिलेखाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. गायरान असेल तर गायरानं वाचवण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आणि त्यानंतरचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आधी वाचा. दोन गावांच्या त्या संकुलात नेमकं हेच कुणी वाचलं नव्हतं. खासगी जागेवर आरक्षण असेल तर तारीख बघा. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं १० वर्षांत संपादन नाही झालं आणि मालकानं नोटीस दिली, तर २४ महिन्यांनी आरक्षण उडतं. नोटीस आवक विभागात पडून राहते आणि जागा हातची जाते.

मघाशी फार चिडून लिहीत होतो. सह्या करणाऱ्यांवर माझा राग नाही, तुमची तळमळ मला माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी स्वतःच्या खिशातून पोरांना स्पाइक्स घेऊन दिलेत. फक्त ती तळमळ स्थगितीच्या अर्जात घालवू नका. त्या सरांनी परवा विचारलं की दावा मागं घ्यायला दोन्ही सरपंच तयार झाले तर काम सुरू होईल का. होईल, पण आधी जुन्या कॉलमांची तपासणी करावी लागेल, गंज घासून सळीचा व्यास मोजावा लागेल, आणि बारीक झालेल्या सळ्यांजागी काँक्रीटमध्ये भोकं पाडून, रसायन भरून नव्या बसवाव्या लागतील. ऐकून ते गप्प झाले, मग वहीत लिहून घेतलं.

या निवेदनावर मी सही करणार नाही. बैठक ठेवा, शेजारच्या शहरातल्या संघटनांनाही बोलवा. येताना जागेचा सातबारा, सगळे फेरफार, खासरा पत्रक, मोजणी नकाशा, आराखड्यातल्या आरक्षणाचा उतारा आणि पाणीपुरवठ्याचं लेखी पत्र घेऊन या. कराराचा मसुदा मी लिहून आणतो.