‘सगळं वायरलेस’ म्हणणाऱ्यांना उत्तर: नव्या घरात केबल का टाकायची

नवं घर बांधायला काढलं की एक सल्ला हमखास हाती पडतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर मात्र हाच: ‘नेटवर्कच्या वायरिंगवर खर्च करू नका. वाय-फाय आता केबलच्या पुढे गेलंय. कुठे कमी पडलं तर मेश (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे) लावा. आज टाकलेली केबल चार-पाच वर्षांत जुनी होते. टीव्हीसाठी भिंतीतून एक लांब एचडीएमआय (चित्र आणि आवाज नेणारी केबल) टाकली की झालं. कॅमेरेसुद्धा वायरलेस मिळतात. आणि लागलीच केबल, तर नंतर टाकता येते.’

एकखोलीच्या घरात राहायचं असेल आणि वापर फोनपुरताच असेल, तर हे चालून जाईल. पण दोन-तीन खोल्या, वर एखादा मजला, घरातून काम करणारं कुणी, भिंतीवर मोठा टीव्ही असं घर असेल, तर यातला एकही मुद्दा टिकत नाही. आणि ते लक्षात येतं तेव्हा भिंती रंगवून झालेल्या असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘वाय-फाय केबलपेक्षा वेगवान’

राउटरच्या खोक्यावर छापलेला आकडा म्हणजे त्याच्या सगळ्या बँडच्या (२.४, ५ गिगाहर्ट्झ अशा रेडिओपट्ट्यांच्या) वेगांची बेरीज. तुमचा फोन बहुतेक वेळा एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि त्यात अँटेना असतात दोन. वाय-फाय ६ वर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर असा फोन १२०१ एमबीपीएसचा जोड दाखवतो. पण हा हवेतला कमाल दर झाला. परवानगीचे, पोचपावतीचे आणि परत पाठवलेले संदेश वजा जाता हातात येणारा डेटा बराच कमी असतो, तोही राउटर त्याच खोलीत असताना. साधी गिगाबिट (१००० एमबीपीएसची) केबल मात्र प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपास देते, तेही जाताना आणि येताना एकाच वेळी, आणि दुपारी देते तेवढंच रात्री.

खरा फरक वेगापेक्षा या भरवशाचा आहे. वाय-फायचा एक चॅनल म्हणजे एका खोलीत बसलेली माणसं: एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. शेजारचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्याचंही बोलणं संपायची वाट पाहायची. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल मुळात तीनच, १, ६ आणि ११. वाय-फाय ६ मध्ये एकाच खेपेत अनेक उपकरणांचा डेटा वाटून पाठवायची सोय आली, त्याचा फायदा होतो, पण हवा सगळ्यांची एकच राहते. ५ गिगाहर्ट्झ ऐसपैस आहे, पण विटांच्या दोन भिंती आणि मध्ये एक काँक्रीटचा कॉलम आला की ते गळपटतं. ६ गिगाहर्ट्झ त्याहून आधी. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो तेव्हा सरासरी वेग बहुधा पुरेसा असतो. अडलेलं असतं ते वेळेवर न पोचलेलं डेटाचं एखादं पॅकेट.

‘मेश लावा’

मेश चांगली गोष्ट आहे, माझा तिला विरोध नाही. पण मेशचा दुसरा डबा पहिल्याशी बोलणार कसा? त्याच हवेतून. एकाच रेडिओवर घेणं आणि पुढे देणं असेल तर प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. वेगळा रेडिओ असलेल्या महागड्या संचात हे नुकसान कमी होतं, पण भिंत तीच राहते. त्यात लोक दुसरा डबा ठेवतात तिथेच, जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. मग फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान काही उघडत नाही.

मेशच्या बहुतेक डब्यांना मागे लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल जोडायची खाच) असतो तो याचसाठी. दोन डब्यांमध्ये केबल जोडली की हवा पूर्णपणे तुमच्या फोन-लॅपटॉपसाठी मोकळी होते. उत्तम वाय-फाय हवं असणाऱ्यानेच केबल टाकायला हवी, हे या सल्ल्यात कुठेच येत नाही. प्रत्येक मजल्यावर मधोमध, छताला एक लॅन पॉइंट काढून ठेवा. ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) आज घ्या की दोन वर्षांनी, त्याची जागा तीच.

‘केबल जुनी होते’

हे तर उलटंच आहे. तांब्याच्या आठ तारांवरून गिगाबिट पाठवायचं मानक १९९९ सालचं. त्याच काळातल्या कॅट-५ई प्रतीच्या नेटवर्क केबलवर २०१६ च्या मानकाने २.५ गिगाबिट धावायला लागलं, भिंत न फोडता. दरम्यान वाय-फायच्या पिढ्या बदलल्या: ८०२.११एन २००९ मध्ये, एसी २०१३ मध्ये, एएक्स २०२१ मध्ये. जुनं होतं ते राउटर.

आज टाकायची तर कॅट-६ टाका. तिच्यावर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, आणि घरातला केबलचा एखादा ओढा (एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची केबल) एवढा लांब क्वचितच असतो. कॅट-६ए वर पूर्ण १०० मीटर मिळतात, पण ती जाड आणि ताठ असते, बोर्डाच्या डबीत वळवताना त्रास देते. कॅट-८ च्या नादी लागू नका. ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडांसाठी बनलेली आहे.

भीती जुनेपणाची नाही, भेसळीची बाळगा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए केबल बाहेरून हुबेहूब कॅट-६ दिसते. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर बंडल परत करा. अशी तार वळणावर तुटते, तिचा रोध जास्त असतो आणि केबलमधून वीज पाठवायची असेल तर ती तापते.

‘एक लांब एचडीएमआय पुरे’

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, कारण केबल जुनी होण्याची भीती जिथे खरी आहे, नेमकी तीच केबल हा सल्ला भिंतीत गाडायला सांगतो. २०१३ चं एचडीएमआय २.० म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, २०१७ चं २.१ म्हणजे ४८. चार वर्षांत अडीच पटींहून जास्त. साध्या तांब्याच्या केबलवर ४८ गिगाबिट जेमतेम चार-पाच मीटर नीट जातं. त्यापुढे चित्र अधूनमधून काळं पडणं, ठिपके चमकणं सुरू होतं. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय मिळते, ती चांगली चालते. पण तिच्या दोन्ही टोकांत चिप असते, तिला दिशा असते, आणि टोक बिघडलं तर सगळी केबल बदलावी लागते. उलटी ओढून वर प्लास्टर केलं, तर ती कायमची निकामी.

म्हणून भिंतीत गाडायचा तो पाइप. टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत ४० ते ५० मिलिमीटरचा, काटकोनी एल्बो न लावता मोठ्या गोलाईने वळवलेला. विजेचा २० मिलिमीटरचा नेहमीचा पाइप इथे उपयोगाचा नाही. एचडीएमआयचं डोकं त्याच्या वळणात अडकतं, मग कुणीतरी जोर लावून ओढतं आणि सोल्डर तुटतं.

टीव्हीमागे दोन लॅन पॉइंट ठेवा. एक नेटसाठी. दुसरा दूर ठेवलेल्या सेट-टॉप बॉक्ससारख्या पेटीतून एचडीबेसटीने (लॅनच्याच केबलवरून चित्र पाठवायची पद्धत) चित्र आणायचं असेल तर लागेल. त्याची केबल थेट टोकापासून टोकापर्यंत हवी, ती नेटवर्कच्या स्विचमधून (घरातल्या केबल एकत्र जोडणारी पेटी) जात नाही. डिश किंवा अँटेना असेल तर आरजी-६ (डिश-अँटेनाची गोल केबल) चा एक ओढा वेगळा.

इथे वाय-फायवाल्यांचा एक मुद्दा मान्य करतो. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट आजही १०० एमबीपीएसचाच असतो, वेगाच्या चाचणीत त्याच टीव्हीचं वाय-फाय जिंकतं. पण ४-के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात. तेवढे केबलवरून अखंड येतात, आणि घरातली सर्वात खादाड वस्तू हवेतून उतरते ते वेगळंच.

‘कॅमेरे वायरलेस असतात’

वीज वायरलेस नसते. कॅमेऱ्यापर्यंत एक तार जाणारच आहे, मग ती कॅट-६ का नको? पीओईच्या (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पाठवायची सोय) २००३ च्या मूळ मानकातही स्विचकडून १५.४ वॉट मिळतात, साध्या कॅमेऱ्याला भरपूर. स्विच यूपीएसवर असेल तर दिवे गेले तरी कॅमेरे चालू. बॅटरीवरचे कॅमेरे हालचाल होईपर्यंत झोपलेले असतात, अनेकदा माणूस निम्मा पुढे गेल्यावर चित्रण सुरू होतं.

‘नंतर टाकता येते’

येते. भिंतीला झिरी मारून, धूळ खात, पुन्हा प्लास्टर आणि रंग करून. किंवा भिंतीवरून पट्टी मारून. कॉलम-बीममध्ये झिरी मारू नये, स्लॅबला हात लावू नये, त्यामुळे अनेक खोल्यांपर्यंत सरळ वाटच उरत नाही. ‘विजेच्या पाइपातून ओढून देतो’ असं कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. तो सुरक्षेचा प्रश्न आहे. नेटवर्कचा पाइप वेगळा हवा, विजेच्या पाइपापासून अंतर राखून. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

पैसे कमी असतील तर केबल राहू द्या, पाइप टाका. प्रत्येक खोलीतून एका जागी येणारे, दोन काटकोनी वळणांनंतर मध्ये डबी असलेले, आत ओढायला दोरी सोडलेले. घराबाहेरून त्या जागेपर्यंत फायबरसाठी एक पाइप स्वतंत्र. ती जागा हवेशीर हवी, तिथे विजेचे पुरेसे पॉइंट हवेत. राउटर मात्र लोखंडी कपाटात बंद करू नका, सिग्नल आतच राहतो.

केबल टाकणार असाल तर गवंडी प्लास्टरला हात घालण्याआधी प्रत्येक ओढा टेस्टरवर तपासून घ्या, आठही तारांचे दिवे क्रमाने लागले पाहिजेत. एखादी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तरी नेट अनेकदा चालतं, फक्त गिगाबिटऐवजी १०० वर येतं, आणि ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. मग प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकायच्या आधी तोच उघडायचा आहे.